सोळा कोटींच्या आड लपलेली स्वस्त औषधे

२०२१ मध्ये स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी झालेल्या मुंबई-पुण्याकडच्या बाळांसाठी सोळा कोटी रुपयांचे इंजेक्शन मागवायला लोकवर्गणी जमली. तेव्हापासून दुर्मीळ जनुकीय आजार म्हटले की महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येते : परदेशी औषध, कोटींची किंमत आणि मोबाइलवर फिरणारे मदतीचे आवाहन. त्या आईबापांच्या धडपडीपुढे मान लवते. पण त्या चित्राने एक नुकसानही केले. आजार दुर्मीळ आहे असे कळले की डॉक्टर, अधिकारी, नातेवाईक सगळेच मनातून हात टेकतात. जनुकातल्या दोषामुळे पहिल्या दोन-तीन वर्षांतच फीट येऊ लागलेल्या मुलांच्या बाबतीत तरी असे हात टेकणे अन्यायाचे आहे. यांतल्या काही आजारांवरचा उपाय जीवनसत्त्वाच्या गोळीइतका साधा आहे. बाकीच्या अनेकांत पैशापेक्षा वेळ महत्त्वाची असते, आणि ती वेळ जिल्ह्यातच वाया जाते.

अहिल्यानगर, म्हणजे परवापरवापर्यंतचा अहमदनगर, क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या पंचेचाळीस लाखांच्या वर होती. वर्षाला पन्नास हजार जन्म धरले तरी तो हिशेब हात राखूनच होईल. स्कॉटलंडमध्ये तीन वर्षांच्या आत फीट सुरू झालेल्या मुलांची पद्धतशीर जनुकीय तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या मुलांत एखाद्या जनुकातला नेमका दोष सापडला. जन्मांच्या हिशेबात हे प्रमाण सुमारे २,१०० बाळांमागे एक असे पडले. तेच प्रमाण इथे लावले तर या एका जिल्ह्यात दरवर्षी अशी वीस-पंचवीस मुले जन्माला येत असणार. मामाच्या, आत्याच्या मुलाशी लग्न करण्याची रीत आपल्याकडे अजून टिकून आहे. त्यामुळे आईवडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावरच उमटणारे आजार इथे थोडे अधिक असण्याचा संभव आहे. एकेक आजार सुटा मोजला की तो दुर्मीळ ठरतो. सगळे एकत्र मोजायचे कुणी मनावर घेत नाही.

ही मुले आरोग्यव्यवस्थेच्या नजरेतून निसटतात कशी, हे वेस्ट सिंड्रोमवरून कळते. चार-सहा महिन्यांचे बाळ झोपेतून उठताना एकदम पुढे वाकते, हात फाकतात, क्षणभर अंग ताठ होते आणि सुटते. काही सेकंदांनी पुन्हा तेच, असे दहा-वीस वेळा. तोंडाला फेस नाही, बेशुद्धी नाही. घरच्यांना वाटते, बाळ दचकतेय किंवा पोटात मुरडा येतोय. मग ग्राइप वॉटर, ओव्याचा शेक, दृष्ट काढणे. हे झटके लहान दिसत असले तरी मेंदूतल्या विजेच्या लहरी अखंड विस्कटलेल्या असतात. हसायला लागलेले बाळ हसणे सोडते, आईकडे बघेनासे होते. हा आजार जगापुढे आणला तो विल्यम वेस्ट या इंग्रज डॉक्टरने. १८४१ मध्ये त्याने स्वतःच्याच मुलाचे हे झटके वर्णन करून 'लॅन्सेट'ला पत्र लिहिले होते. त्याच्या हातात उपाय नव्हता. आज तो आहे : एसीटीएचची इंजेक्शने, मोठ्या मात्रेत प्रेडनिसोलोन, आणि ट्यूबरस स्क्लेरोसिससारखे जनुकीय कारण असेल तर विगाबॅट्रिन. प्रेडनिसोलोन तर कोणत्याही मेडिकलमध्ये मिळणारे जुने, स्वस्त औषध. पण ते वेळेत सुरू व्हावे लागते. आठवडे जातात तसे बाळाचे बोलणे, चालणे, शिकणे हातचे जात राहते. ट्यूबरस स्क्लेरोसिस असेल तर बाळाच्या अंगावर बहुधा पानाच्या आकाराचे फिकट पांढरे डाग असतात. ते बघायला यंत्र लागत नाही. बाळाला उघडे करून उजेडात नीट बघावे लागते.

काही आजारांत तर औषध इतके साधे आहे की निदानातला उशीर अधिकच खुपतो. जन्मानंतर काही तासांत किंवा दिवसांत सुरू झालेली आणि नेहमीच्या कोणत्याही औषधाला न जुमानणारी फीट कधी कधी पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६ जीवनसत्त्व, दिल्यावर थांबते. पुढे ते जन्मभर घ्यावे लागते, एवढेच. बायोटिनिडेजच्या कमतरतेत फीटबरोबर केस विरळ होतात, अंगावर चट्टे उठतात, आणि बायोटिनच्या रोजच्या गोळीने बाळ सावरते. हा दोष जन्मानंतर टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात सापडतो. अशी नवजात तपासणी शेजारच्या गोव्याने २००८ मध्येच सरकारी पातळीवर सुरू करून दाखवली होती.

ग्लूट-१ नावाच्या दोषात साखर रक्तातून मेंदूत पुरेशी पोहोचत नाही. तिथे भाकरी-भात जवळजवळ बंद करून तूप, लोणी, तेल, अंडी यांवर बेतलेला किटोजेनिक आहार हेच औषध. ते स्वस्त आहे, पण सोपे नाही. प्रत्येक घास ग्रॅममध्ये तोलणारी आई आणि तिला महिनोन्महिने साथ देणारा आहारतज्ज्ञ असला तरच ते निभते.

चुकीचे औषध टळणे हीसुद्धा कमाईच. ड्रॅव्हे सिंड्रोममध्ये बहुधा एससीएन१ए या जनुकात बिघाड असतो. वर्षाच्या आतले, तोवर ठणठणीत असलेले बाळ तापात फीट आल्याने कडक होते आणि ती लांबते. कधी एकाच अंगाला येते, काही आठवड्यांनी पुन्हा येते. तापातली साधी फीट पुष्कळ मुलांना येते, ती बहुतेकदा निरुपद्रवी असते, म्हणून हीही तशीच समजली जाते. फीट वाढल्या की सवयीने कार्बामाझेपीन किंवा फेनिटॉइन सुरू होते. इतर अनेक मुलांना उपयोगी पडणारी हीच औषधे ड्रॅव्हेच्या मुलांत झटके वाढवतात. जनुकाचा अहवाल हातात असता तर डॉक्टरने ती लिहिलीच नसती.

याच आजारात पहिली फीट अनेकदा लस टोचल्यावर आलेल्या तापात येते. मग गावात बोलबाला होतो की नर्सबाईच्या सुईने पोर गेले, आणि पुढच्या दहा घरांत लसीकरण थांबते. ऑस्ट्रेलियात सॅम्युअल बर्कोविक आणि सहकाऱ्यांनी 'लसीमुळे मेंदूला इजा' असा शिक्का बसलेली १४ मुले तपासली, तेव्हा त्यांतल्या ११ जणांत हाच जनुकीय दोष निघाला. तो अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोष बाळात आधीपासून होता. लसीच्या तापाने तो फक्त उघडा पडला.

आणि आई? ग्रहणात बाहेर पडली होती, पपई खाल्ली होती, पायगुण बरा नाही, असले सगळे तिच्या माथी मारले जाते. ड्रॅव्हेच्या बहुसंख्य मुलांत बदल नव्याने घडलेला असतो. तो आईचाही नसतो आणि बापाचाही. उलट बायोटिनिडेजसारख्या आजारात दोघेही वाहक असतात आणि प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका असतो. कोणत्या घरात काय आहे हे तपासणीशिवाय सांगता येत नाही. 'तपासून काय करणार, औषध थोडेच आहे?' असे विचारणाऱ्या डॉक्टरांना माझे एवढेच सांगणे आहे की औषध नसले तरी उत्तर लागते. ते मिळाले नाही तर कुटुंब एका दवाखान्यातून दुसऱ्यात, तिथून देवऋषाकडे, आणि शेवटी सावकाराकडे जाते.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. आपल्याकडे बाळांना फीट येण्याची मोठी कारणे जन्मताना गुदमरणे, जन्मल्यावर साखर उतरणे, मेंदूज्वर ही आहेत. ती टाळता येण्याजोगी असताना जनुकांच्या मागे लागावे का? त्यांना प्राधान्य हवेच. पण दोन्ही प्रकारच्या मुलांना लागणारी यंत्रणा एकच आहे : झटका ओळखणारी आशाताई, आठवड्याच्या आत होणारा ईईजी, खंड न पडता मिळणारे औषध. खंडाचा प्रश्न या जिल्ह्यात फार खरा आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात ती उन्हाळ्यातच परततात. फीटची गोळी चार दिवस चुकली तरी झटके उसळतात, आणि फडावरच्या कोपीत राहणाऱ्या आईच्या हातात गावच्या दवाखान्याचा कागदही नसतो.

हे जमेल का, असे या जिल्ह्यात तरी विचारू नये. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. गावातल्या, बहुतेक अक्षरओळख नसलेल्या बायकांना त्यांनी बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग ओळखायला शिकवले आणि जगभरचे डॉक्टर ते बघायला जामखेडला आले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. लोणीला १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत झटक्यांचे आजार आहेत. २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाखाली मुंबईचे केईएम हे उत्कृष्टता केंद्र आहे. पुण्यात यशोदा वाकणकर यांची 'संवेदना' अपस्मार असलेल्यांना आधार देते. नाही तो यांना जोडणारा रस्ता. रक्ताची नळी कुरिअरने जाऊ शकते. त्यासाठी अकोले तालुक्याच्या डोंगरातून बाळाला मुंबईला नेण्याची गरज नाही.

कायद्यातही एक भोक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अपस्माराचे नाव नाही. दिवसाला वीस झटके येणाऱ्या मुलाला दाखला हवा असेल तर त्याची बुद्धी किंवा हातपाय किती अधू झाले ते मोजून घ्यावे लागते. म्हणजे आधी नुकसान होऊ द्यायचे आणि मग मदत मागायची. हे बदलायलाच हवे.

पण कायद्याची वाट बघत न बसता जिल्हा परिषद आणि जिल्हा रुग्णालय यंदाच दोन गोष्टी करू शकतात. पायरिडॉक्सिन, बायोटिन, प्रेडनिसोलोन आणि विगाबॅट्रिन ग्रामीण रुग्णालयांपर्यंत पोहोचवावे. आणि बाळाच्या झटक्यांचे चित्रण आशाताईंना एका बैठकीत दाखवावे. घरोघरच्या वाचकांनाही एक विनंती : वर्षाच्या आतले बाळ झोपेतून उठताना पुन्हा पुन्हा दचकून वाकत असेल, तर फोनवर त्याचे चित्रण करा आणि त्याच दिवशी मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.