बातमीला चार पर्याय

या वर्षी आमच्या कॉलेजातल्या व्याख्यानमालेला एक नावाजलेले स्तंभलेखक आले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: आजची पोरे पेपर वाचत नाहीत, म्हणून ती मोठीच होत नाहीत. त्यांच्या पिढीला आणीबाणीने मोठे केले, आम्हाला रील्सनी लहान ठेवले. टाळ्या पडल्या, आणि सगळ्यात जोरात आमच्या सरांनीच वाजवल्या. प्रश्नोत्तरांना वेळ उरला नाही, म्हणून हा लेख.

साहेबांनी सकाळी सातला वर्ध्यातल्या कुठल्याही अभ्यासिकेत यावे. तिथे पेपर इतका वाचला जातो की दुपारपर्यंत त्याची पाने सुटी होतात. नेमणुका पिवळ्या रंगात, योजना हिरव्या, पुरस्कार गुलाबी. शक्तिपीठ महामार्ग? पवनार ते पत्रादेवी, 2025च्या आराखड्यात 802 किलोमीटर, 12 जिल्हे. कुणालाही झोपेतून उठवून विचारा. कोल्हापूरकडचे शेतकरी त्याविरुद्ध रस्त्यावर का उतरले, हे मात्र विचारू नका; त्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या दारूबंदीवर येतो. दारू कुठे मिळते यावर येत नाही, पण त्यासाठी इथे कुणाला पर्याय द्यावे लागत नाहीत.

तेव्हा बातम्या आम्हाला ठाऊक नाहीत, हा आरोप खोटा आहे. खरा आरोप याहून वाईट आहे आणि तो साहेबांना सुचला नाही.

मी आठवीत होते. 3 फेब्रुवारी 2020ला हिंगणघाटच्या नंदोरी चौकात एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून दिले. आठवड्याने ती गेली. त्या दिवसांत आमच्या गावाहून हिंगणघाटला जाणाऱ्या एसटीत मुलींच्या शेजारी त्यांचे बाप बसलेले असायचे. ज्यांनी कधी लेकीची शाळा पाहिली नव्हती, ते फाटकापर्यंत येऊन परत जायचे. आई मला एवढेच म्हणाली, "कोणी मागं लागला तर घरी सांगजो, लपवू नको." मी मोठी झाले ती त्या आठवड्यात, आणि एका बातमीमुळेच. पुढे राज्याने महिलांवरील अत्याचारांविरुद्धचे शक्ती विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा काही झाला नाही. ती गेल्यावर बरोबर दोन वर्षांनी, 10 फेब्रुवारी 2022ला, कोर्टाने आरोपीला जन्मठेप दिली. गेल्या वर्षी एका सराव पेपरात प्रश्न होता: शक्ती विधेयक कोणत्या राज्याने मंजूर केले? चार पर्याय. मी गोल काळा केला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. थांबायचे कशाला? वेळ लावलेली होती.

बातमी अशी अंगावरून काढून गोलात भरायला आम्हाला शिकवले कोणी? निदान रील्सनी तरी नाही.

समारोपात पाहुण्यांनी गांधी काढले. वर्ध्याला आलेल्या पाहुण्याला तेवढे करावेच लागते. नवे शैक्षणिक धोरण म्हणजे गांधीजींच्या नई तालीमचे पुनरागमन, असे ते म्हणाले. 2020च्या धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस बिनदप्तराचे ठेवले आहेत, तेवढ्यावर हे पुनरागमन. दहा दिवस सुताराकडे जाऊन यायचे, आणि उरलेले वर्ष पुन्हा गोल आहेतच.

नई तालीम आमच्या जिल्ह्यातली गोष्ट आहे, म्हणून इथे जरा थांबते. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष स्वतः गांधी. ठराव चार: सात वर्षांचे मोफत सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, त्याच्या मध्यभागी हाताने करायचा एखादा उत्पादक उद्योग, आणि त्या उत्पादनातून हळूहळू शिक्षकाचा पगार निघावा ही अपेक्षा. झाकिर हुसेन समितीने डिसेंबरात अहवाल दिला, आणि सेवाग्रामला आर्यनायकम् दांपत्याने ते शिक्षण चालवून दाखवले. कापूस वेचण्यापासून कापडापर्यंतच्या वाटेवर गणित लागते, भूगोल लागतो, मँचेस्टर कुठे आहे आणि ते आपल्या अंगावरच्या सदऱ्यात कसे शिरले हा इतिहासही लागतो. म्हणजे गांधींच्या शाळेत बातमी पाठ करावी लागली नसती. ती हातातल्या पेळूतूनच आली असती. हे वाचले तेव्हा वाटले, साहेबांना उत्तर मिळाले. आमची शाळा तशी असती तर शक्तिपीठ महामार्गाची लांबी सांगणाऱ्या पोराने तो कुणाच्या वावरातून जातो हेही सांगितले असते.

पण त्या परिषदेत मुंबईचे प्राध्यापक के. टी. शहा उभे राहिले होते, आणि गांधींवर प्रेम करणारे लोक त्यांच्याकडे फार लवकर दुर्लक्ष करतात. शाळेतली पोरे माल बनवून विकू लागली तर गावच्या कारागिराचे काय, आणि पोरांच्या श्रमावर शाळा चालवणे म्हणजे त्यांना राबवणे नव्हे का, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. खुद्द झाकिर हुसेनही स्वावलंबनावर अति भर देण्याबद्दल सावध होते. मला शहांचा आक्षेप पटतो. त्यात मी माझ्या बाबांचा एक जोडते, जो परिषदेत कुणी मांडला नसावा, कारण तिथे बाबांसारखे कुणी बोलावलेले नव्हते. बाबा म्हणतात, "कापूस तर मीच शिकवला असता तुले. शाळेत टाकलं ते त्याच्यातून सुटावं म्हणून."

याला उत्तर नाही. हाताला घट्टे पाडण्याचे महत्त्व बॅरिस्टरच्या पोराला पटवावे. ज्याच्या घरात तीन पिढ्या घट्टेच आहेत त्याला पटवू नये. नई तालीम खेड्यातल्या मुलांच्या वाट्याला गेली, शहरातली मुले इंग्रजी शाळेत गेली, आणि खेड्यातल्या बापांनी हे बरोबर ओळखले. सेवाग्रामला आनंद निकेतन 2005 पासून पुन्हा चालू आहे, ती शाळा मला आवडतेही. पण एका शाळेवर जिल्ह्याचा हिशोब लागत नाही.

म्हणून इथे मला गोल काळे करण्याच्या बाजूने बोलावे लागते. मघाशी मी त्याला नावे ठेवली; पण आमच्या गावातल्या पोराला ज्या दारात आडनाव, ओळख, वशिला आणि इंग्रजी उच्चार विचारले जात नाहीत, असे ते एकच दार आहे. 2023च्या फेब्रुवारीत राज्यसेवेची वर्णनात्मक परीक्षा पद्धत पुढे ढकलावी म्हणून मुले पुण्यात रस्त्यावर बसली, तेव्हा साहेबांच्या वर्गातल्या लोकांनी हेटाळणी केली: चार ओळी लिहायला घाबरतात! चार ओळी कुणी वाचायच्या, तपासणाऱ्याला कुणाची मराठी शुद्ध वाटायची, ही भीती त्यांना कधी वाटली नसेल. लोकसेवा आयोगाने ती पद्धत 2025 वर नेली. गोलाला हस्ताक्षर नसते, आम्हाला त्याचे आकर्षण आहे ते एवढ्यासाठी.

आणि ते दारच विकले गेले, ही आमच्या वर्षाची बातमी होती. मी बारावी झाले ते 2024. 5 मेला नीट परीक्षा झाली, 23 लाखांहून अधिक मुलांनी दिली. 4 जूनला, लोकसभेच्या मतमोजणीच्या गदारोळात, निकाल लागला आणि 67 जणांना 720 पैकी 720. पाटण्यापासून लातूरपर्यंत पेपरफुटीचे धागे निघाले. सर्वोच्च न्यायालयाने जुलैत परीक्षा रद्द करायला नकार दिला. सुधारित निकालात पूर्ण गुणांचे 17 उरले. माझी मैत्रीण दोन वर्षे कोटा-पॅटर्नचे क्लास करून बसली होती. ती रडली नाही, भांडली नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा फॉर्म भरला. साहेब, तुमच्या आणीबाणीने तुम्हाला निदान रागवायला शिकवले. आम्हाला पुढच्या अटेंप्टची तारीख पाठ असते. तुम्ही पोरकटपणा म्हणता तो मला पोक्तपणा वाटतो, आणि तो लवकर आलेला आहे, हीच त्यातली वाईट गोष्ट.

बातमी घरात कशी शिरते, त्याचे 2025च्या ऑगस्टचे उदाहरण सांगते. केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. मी ते वहीत लिहिले. रात्री बाबांनी टीव्हीवर ऐकले आणि विचारले, "त्यानं आपल्या कापसाचं काय होईन वं?" आमचा वेचा दसऱ्याच्या मागेपुढे निघतो, म्हणजे बहुतेक माल शुल्कमुक्त महिन्यांतच बाजारात. लांब धाग्याचा हमीभाव तेव्हा क्विंटलला 8110 रुपये होता. व्यापारी त्याच्या किती खाली बोलेल हे बाहेरच्या गाठी ठरवणार होत्या. उरली सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ. तिच्यासाठी त्या वर्षी 'कपास किसान' अॅपवर नोंदणी. सातबारा, आधार, ई-पीक पाहणी, फोटो अंधुक आला म्हणून पुन्हा फोटो. आमच्या गल्लीतल्या पाच-सहा घरांची नोंदणी मी केली, कारण ओटीपी वाचून तीस सेकंदांत भरणारे हात गल्लीत माझेच होते. गांधींनी टकळी दिली होती, मला हे अॅप मिळाले. के. टी. शहांना यात बालमजुरी दिसली नसती. मी वीस वर्षांची आहे.

आता रविवारी आम्ही काही जण अभ्यासिकेत एकच बातमी घेऊन बसतो. गाईड बंद ठेवून. पहिली घेतली ती हीच. मी शुल्क उठवण्याच्या विरुद्ध तावातावाने बोलले. तर हिंगणघाटचा एक मुलगा म्हणाला की त्याचे वडील सूतगिरणीत आहेत. अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के कर लावल्यावर कापूस स्वस्त मिळाला नाही तर गिरणीच्या पाळ्या कमी होतील, मग त्यांनी कुठे जायचे? माझ्याकडे उत्तर नव्हते, त्याच्याकडे माझ्या बाबांसाठी नव्हते. दोघे उठून गेले, हे सिलॅबसमध्ये नाही म्हणून. बाकीचे दीड तास भांडलो. साहेबांना पुढच्या रविवारचे निमंत्रण आहे. प्रश्नोत्तरांना वेळ ठेवून यावे.