लिलावातली थोरवी
ज्या वासुदेव गायतोंडे यांनी दिल्लीच्या निजामुद्दीन भागातील लहानशा बिऱ्हाडात, वर्षाकाठी मोजकीच चित्रे रंगवीत आणि लोकांचा सहवास कटाक्षाने टाळीत उत्तरायुष्यातील बराच काळ वेचला, त्यांचेच एक चित्र, त्यांच्या निधनानंतर बारा वर्षांनी, २०१३ साली, मुंबईतील लिलावात सुमारे २३.७ कोटी रुपयांना विकले गेले, तेव्हा एरवी अमूर्त कलेकडे पाठ फिरविणाऱ्यांनाही त्यांची थोरवी अकस्मात पटली. वास्तविक रंगांचे थर चढवून साधलेला तो अंतःप्रकाश १९७९ पासून त्या चित्रफलकावर होताच, आणि तो पाहावयास डोळ्यांखेरीज अन्य सनद लागत नव्हती. स्तुती अपात्री पडली असे मी म्हणत नाही; तिच्यातील बरीचशी चित्र न पाहताच झाली, एवढीच माझी फिर्याद आहे.