कीड कोठवर सोसावी?

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारांवर नागली आणि वरी, तर सखल खाचरांत भात, ही विभागणी जुनीच. श्रावण-भाद्रपदात त्या खाचरांच्या बांधावरून जाताना हिरव्या चुडात एखादी वाळलेली सुरळी आम्हांला दिसते. बोटांनी ओढली की ती अलगद हाती येते. खोडकिड्याच्या अळीने आतला गाभा कुरतडलेला असतो. आता फवारावे की थांबावे? प्रश्न शेतीशास्त्राचा खरा, पण आमच्या मते तो नीतीचाही आहे.

शास्त्र म्हणते, आधी मोजा. शेतात कामगंध सापळे लावले की मादीच्या गंधाला भुलून नर पतंग त्यांत येऊन पडतात. (ही फसवणूक मनाला किंचित बोचते, हे कबूल करतो.) सापळ्याने किडीची चाहूल लागते, नुकसानीचे माप घ्यायचे तर चिखलात उतरून चूड तपासावे लागतात. मेलेले फुटवे शेकडा पाचापर्यंत पोहोचल्याशिवाय विष वापरू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. सुरुवातीच्या काळात भात नवे फुटवे काढून तूट भरून काढतो. शिवाय फवाऱ्याने कोळी, चतुर हे शेतकऱ्याचे मित्रही मरतात. नुसत्या संशयावरून शिक्षा न करण्याचा हा न्याय आम्हांला पटतो.

पण ही मर्यादा कोणाच्या हिशेबाने ठरली? 1959 मध्ये कॅलिफोर्नियातील स्टर्न आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी आर्थिक नुकसानीच्या पातळीची कल्पना मांडली. उपायाचा खर्च सार्थकी लागावा एवढे नुकसान दिसत असेल तरच उपाय, हे तिचे सार. माल विकणाऱ्याला हे गणित पुरते. जव्हारकडील कुटुंब भात मुख्यतः खाण्यासाठी पिकवते. औषधाला रोख पैसा लागतो, आणि पिकातली तूट थेट ताटात उतरते. कणगी लवकर रिकामी झाली की वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांची वाट धरावी लागते, मुलांची शाळा सुटते. आपल्यापैकी कित्येकांच्या घरांच्या विटा याच हातांनी थापल्या आहेत.

गव्हातील निदणाचा दृष्टान्त येथे वाचकांना आठवेल. तेथे ‘थांबा’ म्हणणारा स्वतः शेताचा धनी होता; थांबण्याची झीज त्यालाच सोसायची होती. येथे थांबायला सांगणारा पाहणी करून निघून जातो.

म्हणून लवकर फवारावे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्याच खाचरातले खेकडे आणि मासळी त्याच घरात शिजते. विषाची किंमत दुकानातल्या पावतीवर संपत नाही. मात्र लोंबीच पांढरी पडून पळींज झाली, तर ते दाणे पुन्हा भरत नाहीत आणि तेव्हा फवारूनही उपयोग नसतो. त्यापेक्षा लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडून नष्ट केले तर त्यांवरचे अंडीपुंज तेथेच जातात. त्याला पैसा लागत नाही, पण लावणीच्या घाईत चार हात अधिक लागतात. पाहणीला जाणाऱ्याने फुटवे जरूर मोजावेत. मात्र त्याआधी घरच्या बाईला विचारावे, गेल्या वर्षीचा भात कोणत्या महिन्यापर्यंत पुरला?