सोन्याचे पीस आणि उद्याची धास्ती

सुवण्णहंस जातक आपल्या मुलांना अवश्य सांगा. सोन्याच्या पिसांचा हंस एका गरीब विधवेला व तिच्या मुलींना एकेक पीस देई. 'उद्या हा आलाच नाही तर?' या धास्तीने, मुली नको म्हणत असताही, आईने त्याची सारी पिसे उपटली. बळाने उपटताच ती बगळ्याच्या पिसांसारखी पांढरी झाली.

लोभ केवळ श्रीमंताघरीच नसतो. उद्याच्या भीतीतूनही तो जन्मतो. ती भीती खोटी नव्हे, पण ओरबाडून ती जात नाही. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख आहे. पावसाचे पाणी खडकात साठवावे, ते सर्वांनी प्यावे. उद्याची तरतूद अशीही होते. मुलांना विचारा, तुम्ही त्या आईच्या जागी असता तर काय केले असते?