मत पडलं, अबोला नको

नांदेड

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

तुझा फोन झाल्यापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून लिहायला बसले. फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? कौन्सिलरच्या निवडणुकीत पडलीस, त्याचं मला काही नाही, कधीतरी पडायचंच. पण खोलीतल्या मैत्रिणीनं दुसऱ्या पॅनेलला मत दिलं म्हणून तिच्याशी अबोला धरलास, हे ऐकून मात्र घास गोड लागेना.

बाळा, जेएनयूत तुला जे मिळतंय ते इथं तुला बघायलाही मिळालं नव्हतं. तिथला निवडणूक आयोगसुद्धा विद्यार्थ्यांचाच. अध्यक्षपदाचे उमेदवार झेलम हॉस्टेलच्या हिरवळीवर रात्री उशिरापर्यंत एकमेकांना आडवेतिडवे प्रश्न विचारतात, आणि निकाल लागला की सगळे त्याच मेसमध्ये ताट घेऊन उभे. (गोदाकाठची पोर दिल्लीला जाऊनही गोदावरी हॉस्टेलातच राहते, याची आजीला कोण मौज!) नेट लावून अभ्यास कर, हजेरी सांभाळ, हे आहेच. पण त्या मेसमधल्या एका टेबलावर जे शिकायला मिळतं ते कुठल्या पेपरात विचारत नाहीत.

आमच्या वेळी कॉलेजात जी.एस.ची, म्हणजे जनरल सेक्रेटरीची, निवडणूक व्हायची. विधानसभेला मत द्यायला तेव्हा 21 वर्षं पूर्ण लागायची. 18 चा नियम 1989 मध्ये आला. म्हणजे आमदार निवडायच्या आधी आम्ही जी.एस. निवडला. मारामाऱ्याही व्हायच्या, नाही कशाला म्हणू? पुढे मुंबईत एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं थेट मतदानच गेलं. गुणवत्ता यादीतली मुलं प्रतिनिधी. सर्दी झाली म्हणून नाक कापलं! 2016 च्या कायद्यात थेट निवडणुकीची तरतूद पुन्हा आली, 2019 ला आता होणार म्हणता म्हणता पुढे ढकलली. म्हणून तर बी.ए.च्या तिन्ही वर्षांत तुला मतपेटी दिसली नाही. आणि मग आपणच म्हणायचं, पोरांना लोकशाहीची चाड नाही.

पण नुसती मतपेटी असून भागत नाही गं. 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत झाला. रीतसर, मतानं. आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जाळल्या, माणसं मारली. आपल्या नांदेड जिल्ह्यात तर कहर झाला. माझ्या वर्गातली एक मुलगी त्यानंतर कॉलेजात दिसली नाही. तिचं गाव जळितात होतं, एवढंच कानावर आलं. आम्हाला तेव्हा राज्यशास्त्राला राज्यघटना होती. मूलभूत हक्कांचं प्रकरण ठरल्याप्रमाणे शिकवून झालं, नोट्स उतरवून झाल्या, पण त्या रिकाम्या जागेबद्दल वर्गात कुणी अवाक्षर काढलं नाही. ज्या माणसानं औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढून इथल्या पोरांना कॉलेजची वाट दाखवली, त्याचं नाव विद्यापीठाला लागायला 14 जानेवारी 1994 उजाडावं लागलं. तेही नामांतर नव्हे, नामविस्तार. ठराव मंजूर करणं एका दिवसाचं काम. तो न पटणाऱ्यांशी आणि तो हवा असणाऱ्यांशी, दोघांशीही बोलत राहायचं काम विद्यापीठाचं होतं. तिथं आपण कमी पडलो असं मला वाटतं. तुझ्या बाबाला हे पटत नाही. आमचं यावरून अजूनही वाजतं, आणि वाजून झालं की तो माझ्याच हातचा चहा पितो.

म्हणून सांगते, खोलीतल्या त्या केरळच्या पोरीशी आधी बोल. तिनं मत का दिलं ते विचार आणि मधे तोंड न घालता ऐक. कदाचित तिचंच बरोबर असेल. नसलं तर निदान पुढच्या वेळी काय सांगायचं ते तरी कळेल. जीबीएमला, म्हणजे तुमच्या सर्वसाधारण सभेला, आपला ठराव पडला म्हणून उठून जाऊ नकोस, शेवटपर्यंत बस. निवडून आलेल्यांना खर्चाचा हिशेब विचार. विद्यार्थी निवडणुकांसाठीच्या लिंगडोह समितीनं उमेदवाराला 5000 रुपयांची मर्यादा घातली आहे, ती तुमच्या पॅनेलच्या उमेदवारांनाही लागू आहे हे विसरू नकोस! घोषणा दे, पण घसा बसेपर्यंत नको; तुला लहानपणापासून टॉन्सिलचा त्रास आहे. आणि सभेहून रात्री परतताना एकटी येऊ नकोस.

इकडचं म्हणशील तर आजीचा गुडघा दुखतोय, पण हुरड्याला शेतावर जायचा हट्ट कायम. पदवीधर मतदारसंघाची यादी दरवेळी नव्यानं करतात, जुनं नाव चालत नाही, म्हणून मी वेळेत अर्ज भरला. तुझा बाबा म्हणतो, एका मतानं काय होतंय. त्याला तूच फोन करून दटाव, माझं ऐकत नाही. पदवीचं सर्टिफिकेट सापडत नाही म्हणाला तर सांग, माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत आहे, लग्नाच्या अल्बमखाली.

तुझी,
आत्या