फलाशा आणि स्टार्टअप
निष्काम कर्म आणि नफ्यासाठी चाललेला धंदा यांचा मेळ बसतो का, हा प्रश्न स्टार्टअप काढणाऱ्याला कधी ना कधी पडतोच. त्यासाठी मराठीत वाचण्याजोगा ग्रंथ म्हणजे लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात ते पेन्सिलीने लिहिले गेले आणि १९१५ साली छापले गेले. टिळकांच्या मते सोडायची ती फळाची आसक्ती. हेतू, हिशेब आणि आखणी नव्हे.

गीतेचा अठरावा अध्याय कार्यसिद्धीची पाच कारणे सांगतो: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रयत्न आणि दैव. सर्व्हर बंद पडल्यावर ‘चूक कोणाची’ एवढेच विचारणाऱ्या प्रोग्रामरने ही यादी जरूर पाहावी; कर्ता तीत पाचांपैकी एक आहे. अर्थात, दैवावर बिल फाडून ढिसाळ काम खपवण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

‘गीतारहस्य’ जाडजूड आहे, पाश्चात्त्य नीतिशास्त्राशी केलेली तुलना दमवते. घाईत असणाऱ्याने ‘कर्मजिज्ञासा’ हे प्रकरण आधी वाचावे.

खुद्द टिळकांवरचाही एक ग्रंथ सांगण्याजोगा आहे. यवतमाळ जिल्ह्यातील वणीचे लोकनायक बापूजी अणे (जन्म १८८०) हे टिळकांचे अनुयायी. त्यांच्या ‘तिलकयशोऽर्णव’ या टिळकचरित्रपर संस्कृत महाकाव्याला १९७३ साली मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. संस्कृत येणाऱ्याने तेही जोडीला घ्यावे.