चाकातलं पाणी

ओढायचं तर वजन लागतं. हे शेतकऱ्याच्या पोराला शाळेत शिकवावं लागत नाही. कुळव उथळ चालायला लागला की अण्णा त्यावर दगड ठेवायचे. ढेकळं फोडायची फळी हलकी पडली की आम्हा पोरांना तिच्यावर बसवायचे. समोर बैलांच्या शेपट्या, तोंडात धूळ, आणि आपण कामाचे आहोत याचा केवढा अभिमान! जमीन भुसभुशीत लागली की हाक यायची, "उतर रे खाली." त्या वजनाची गोष्टच अशी, की ते हवं तेव्हा चढायचं आणि नको तेव्हा उतरायचं.

ट्रॅक्टर आला आणि वजन चाकात शिरलं. मागच्या मोठ्या टायरात पाणी भरतात, हे शहरातल्या पाहुण्याला सांगितलं तर तो हसतो. त्याला टायरात हवाच माहीत. चाक जॅकवर उचलायचं, फिरवून व्हॉल्व्ह वर आणायचा, पाइप लावायचा आणि व्हॉल्व्हच्या उंचीपर्यंत, म्हणजे साधारण पाऊण टायर, पाणी भरायचं. वर उरलेल्या जागेत हवा. आमच्या ४५ एचपीच्या ट्रॅक्टरच्या एका चाकात दीडशे लिटरच्या वर पाणी बसतं. लिटरला किलो, म्हणजे दोन्ही चाकांचं मिळून तीन क्विंटलच्या पुढं. थंड मुलखात पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराईड घालतात आणि त्या खारानं रिम गंजते. इथं गोदाकाठी ती फिकीर नाही. विहिरीचं पाणी, फुकटचं. म्हणूनच हा निर्णय कोणाला निर्णय वाटत नाही.

मी भाड्यानं नांगरट करतो. दर एकरावर, त्यामुळं जितकं लवकर उरकेल तितकं बरं. एका उन्हाळ्यात पलटी नांगर लावला की चाक स्लिप मारायला लागलं. पुतण्या म्हणाला, "काका, पाणी भरून टाकू. नुसतं डिझेल जळतंय." मी टायरला चुन्याची खूण केली आणि मोजून पाहिलं. नांगर उचललेला असताना चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर १३० फूट गेला, नांगर जमिनीत असताना ९८. म्हणजे चारातली एक फेरी वाया. दहा ते पंधरा टक्के घसर चालते. त्याहून जास्त झाली तर डिझेल आणि टायर दोन्ही झिजतात, आणि फारच कमी झाली तर वजन जास्त झालं असं समजावं. पाणी भरल्यावर दहा फेऱ्यांत ११२ फूट आले. हिशेब जमला.

पण हिशेबात माझं डिझेल होतं, माझा टायर होता, माझा वेळ होता. जमीन नव्हती.

जमिनीचा हिशेब असा. हवा कमी केली, टायर रुंद घेतला, तर वरच्या थरावरचा दाब कमी होतो. खोल जाणारा दाब मात्र चाकावरच्या एकूण वजनावर ठरतो. त्यात नांगरताना एक चाक तासात चालतं, म्हणजे नांगरलेल्या खोलीच्या तळावर. जिथं फाळ पोचत नाही, तिथं चाकाचा दाब पोचतो. वैशाखात वाळून भेगाळलेली काळी जमीन तीन क्विंटल सहज पेलते. तीच जमीन वाफसा यायच्या आत ओली असताना लोण्यासारखी दबते, आणि खाली बसलेला घट्ट थर मोकळा व्हायला वर्षं लागतात.

मृग बरसला तेव्हा पाणी चाकातच होतं. ते काढायचं म्हणजे पुन्हा चाक उचला, व्हॉल्व्ह खाली आणा, पाणी वाहू द्या, हवा भरा. अर्धा दिवस जातो, आणि मृगातला अर्धा दिवस बारा महिन्यांत सगळ्यात महाग. तेवढ्यात ओढ्याकाठच्या चुलतीचा निरोप आला. काका गेल्यापासून दोन एकर तीच बघते. मी जाऊन सांगितलं, "काकू, वावर अजून ओलं हाय. चाकात पाणी हाय, जड पडंल."

ती म्हणाली, "मला बाई त्यातलं काय कळतंय? तुला पटंल तसं कर, पण पेरणी मागं राहू देऊ नको."

ही परवानगी होती का? पुतण्याच्या मते होती. "काकी हो म्हणाल्या, आपलं काम झालं. आपण नाही गेलो तर दुसरा भरलेल्या चाकाचा ट्रॅक्टर येईलच की." यातलं शेवटचं वाक्य खरं होतं. तरी मला वाटतं, ज्याला नुकसान दिसत नाही त्याच्या होकाराला होकार म्हणता येत नाही. त्यानं आपलं ओझं माहीत असणाऱ्यावर टाकलेलं असतं. दोन-तीन वर्षांनी काकू कापसाची पराटी उपटेल, सोटमूळ काटकोनात वळलेलं असेल, तूर पाण्यात उभी वाळेल. ती बियाण्याला बोल लावेल, पावसाला लावेल, स्वतःच्या नशिबाला लावेल. ट्रॅक्टरचं नाव कोणाच्या तोंडी येणार नाही.

याचा अर्थ पाणी भरणं पाप, असं मी म्हणत नाही. हलका ट्रॅक्टर जागेवर चाक फिरवतो, वरची माती घासून गुळगुळीत करतो, आणि जास्तीच्या डिझेलचा भार शेवटी दरातून शेतकऱ्यावरच येतो. उन्हाळी नांगरटीला वजन हवंच. प्रश्न चढवण्याचा नाही, न उतरवण्याचा आहे. एकदा मिळालेलं वजन, मग ते पैशाचं असो की पदाचं, सोयीचं वाटतं म्हणून माणूस बारमाही वागवतो, आणि त्याखाली काय दबतंय हे बघायला वाकत नाही.

आम्ही अर्धा दिवस घालवून पाणी काढलं. काकूच्या वावराला वाफसा यायला आणखी दोन दिवस थांबलो; तेवढ्यात एक गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं. आता नांगरटीला पाणी भरतो आणि पहिल्या पावसाआधी सोडतो. मध्ये लागलंच तर बिडाची वजनं लावतो. ती महाग पडतात, पण पान्यानं निघतात.

काकूच्या वावराला त्यानं काय फरक पडला, ते मला दाखवता येत नाही. न झालेलं नुकसान दिसत नाही, आणि त्याचे पैसेही मागता येत नाहीत.